शेहेचाळीस मिनिटं

इकालुविक ते नुवुक, सरळ रेषेत दोनशे एकतीस किलोमीटर. हा आकडा मला पाठ आहे, कारण मी इथे आले तेव्हा अंतरं अजून किलोमीटरमध्ये लिहीत असत. २०४० सालापासून ती मिनिटांत लिहायला लागले. आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक पडदा बसवला होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत सदासर्वदा एकच ओळ असे : नुवुक रुग्णालय, ४६ मिनिटं.

त्या ओळीने सीपोराचा जीव घेतला. आणि ती ओळ माझ्या सख्ख्या भावाने लिहिली होती.

मी तनुजा घोरमाडे. मूळची आमगावची, गोंदिया जिल्ह्यातली. नर्सिंग करून कॅनडात आले तेव्हा अगदी उत्तरेकडे जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला इथली जागा चटकन मिळाली. दोन वर्षं काढायची आणि दक्षिणेत एखाद्या शहरात बदली मागायची, असा बेत होता. अकरा वर्षं झाली. इकालुविक म्हणजे इनुइटांची, इथल्या मूळ रहिवाशांची, तीनशे चाळीस माणसांची वस्ती. एक शाळा, एक दुकान, एक धावपट्टी. रस्ता कुठूनच येत नाही. समुद्र वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेला. शस्त्रक्रिया, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, जे काही आहे ते नुवुकला.

धावपट्टी सांभाळतो जोआनासी. साठी उलटलेला, बुटका, कमी बोलणारा. रोज सकाळी गावच्या रेडिओवर हवामान सांगायचं कामही त्याचंच, आणि मला इनुइटांची भाषा अडली की दुभाषाही तोच. सीपोरा ही त्याची मुलगी. बालवाडीत शिकवायची. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दक्षिणेतून आणलेला फॅशनेबल कोट घालून दुकानात निघाले, तेव्हा तिने मला अंगणातूनच परत घरात ढकललं आणि स्वतःच्या आईचा कातडी कोट आणून दिला. बदल्यात तिला माझ्याकडच्या लिंबाच्या लोणच्याची चटक लागली. गोठलेल्या कच्च्या माशाची चकती लोणच्याच्या खारात बुडवून खायची आणि डोळे मिटून बसायची. आई आमगावहून दर वर्षी दोन बरण्या पाठवायची, त्यातली एक सीपोराच्या नावाची असे.

आता सौमित्रबद्दल. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बाबा गेल्यावर त्याचं शिक्षण मी केलं, त्याला इकडे मीच आणलं. संख्याशास्त्रात त्याचं डोकं विलक्षण चालायचं. शिकून तो राजधानीत सरकारच्या दळणवळण खात्यात लागला आणि पहिलंच मोठं काम त्याच्याकडे आलं ते आमच्या उत्तरेचं.

तेव्हा नवी विमानं आली होती. विजेवर उडणारी, वैमानिक नसलेली, आत दोन स्ट्रेचर आणि सहा खुर्च्या. जुन्या बॅटरीत एक द्राव असतो, तो थंडीत घट्ट होतो आणि बॅटरी मरगळते. या विमानांच्या बॅटरीत द्रावाऐवजी घन पदार्थ होता, त्यामुळे उणे पन्नासलाही ती दमत नसे. नाकाशी बसवलेला लेसर समोरचा वारा, त्यातले बर्फाचे कण, पंखांवर बर्फ धरण्याची शक्यता, सगळं क्षणोक्षणी मोजायचा. आणि मग विमान स्वतःच ठरवायचं, उडायचं की नाही. अपघाताची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा जास्त वाटली तर ते जागचं हलत नसे. हे काही वाईट नव्हतं. मी यायच्या आधी एका वैमानिकाने वादळातल्या फटीतून विमान घालायचा प्रयत्न केला होता आणि पाच माणसं गेली होती. त्यांचे फोटो अजून शाळेत आहेत.

सौमित्रचं काम होतं दोन वस्त्यांमधला वेळ ठरवायचं. प्रत्येक वस्तीपासून जवळच्या रुग्णालयाला विमानाने किती मिनिटं लागतात, याची सरासरी. त्याला त्यांनी नाव दिलं पोच-वेळ. त्याने मला फोनवर आकडा सांगितला तेव्हा तो लहान मुलासारखा खूश होता. "ताई, शेहेचाळीस मिनिटं. आता तू तिथे एकटी नाहीस." मीही खूश झाले. गावभर सांगत सुटले, माझ्या भावाने काढलंय म्हणून. त्याची लाज मला आजही वाटते.

कारण पाठोपाठ नियम आला. ज्या वस्तीची पोच-वेळ साठ मिनिटांच्या आत, ती जोडलेली वस्ती. जोडलेल्या वस्तीला स्वतंत्र सोयी कशाला? माझी जोडीदार नर्स गेली. महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर बंद झाला, तो पडद्यावर दिसू लागला. रक्त ठेवायचा फ्रिज एका दुपारी दोन माणसं येऊन घेऊन गेली. मी विचारलं, तर त्यातला एक म्हणाला, "रक्त पाऊण तासावर आहे, बाई."

एक गोष्ट मात्र लोकांना मनापासून आवडली. पूर्वी गरोदर बाईला बाळंतपणाच्या महिनाभर आधी नुवुकला पाठवत. तिथल्या वसतिगृहात, घरापासून लांब, थोरली मुलं इथे शेजाऱ्यांकडे. आता ती सक्ती गेली. सीपोराला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "या वेळी मुलं दाराबाहेर बसून बाळाचं रडणं ऐकतील." तशीच बसली होती ती दोघं, फेब्रुवारीतल्या त्या सकाळी.

बाळ नऊ चाळीसला झालं. मुलगी, चांगल्या वजनाची, ओरडणारी. मुलं दाराबाहेर हसली, ते मला ऐकू आलं. मग वार अर्धवट सुटली आणि रक्त थांबेना. गर्भाशय आकुंचन पावण्याचं इंजेक्शन दिलं, पोटावरून चोळलं, हात घालून वार काढली. तिचे तुकडे ट्रेमध्ये जुळवले तेव्हा एक तुकडा कमी होता. नऊ अठ्ठावन्नला मी विमान मागवलं.

पडद्यावर अक्षरं आली : विनंती स्वीकारली. उड्डाणानंतर ४६ मिनिटं.

त्यातला "उड्डाणानंतर" हा शब्द मी इतक्या वर्षांत कधी नीट वाचला नव्हता.

बाहेर उडत्या बर्फामुळे शेजारचं घर दिसत नव्हतं. विमान नुवुकच्या धावपट्टीवर तयार उभं होतं आणि दर दहा मिनिटांनी हिशेब करून थांबत होतं. दर दहा मिनिटांनी पडदा तीच ओळ नव्याने लिहीत होता. ४६ मिनिटं. पुन्हा ४६ मिनिटं. अकरा वाजता ४६, एक वाजता ४६. नुवुकचे डॉक्टर फॉर्टिन पडद्यावरून मला एकेक गोष्ट सांगत होते आणि मी करत होते. माझ्याकडची औषधं दुपारी संपली. सलाईन होतं, पण सलाईन म्हणजे रक्त नव्हे. सीपोराचे ओठ भिंतीसारखे पांढरे झाले होते.

जुन्या फ्रिजबरोबर रिकाम्या रक्तपिशव्याही परत करायच्या होत्या. त्यातल्या चार मी मागे ठेवल्या होत्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "मी गावातून रक्त घेणार आहे."

"याची परवानगी द्यायचा अधिकार मला नाही," ते म्हणाले. "पण मी इथून उठत नाही. कर, मी बघतोय."

जोआनासी रेडिओच्या खोलीत गेला. तो काय बोलला ते मी केंद्रातल्या रेडिओवर ऐकलं. हवामान सांगतो त्याच आवाजात त्याने सांगितलं की माझ्या मुलीला ओ गटाचं रक्त हवंय, ज्यांना आपला गट माहीत नाही त्यांनीही यावं. पंधरा मिनिटांत अकरा माणसं आली. त्या बर्फात, घरांना बांधलेल्या दोरांना धरून. चौघांचं जुळलं. चार पिशव्या गेल्या. मध्यंतरी तासभर तिच्या गालांवर रंग आला, तिने बाळ मागितलं, छातीशी घेतलं, मला म्हणाली, "तनुजा, तू जेवली नाहीस." मग पुन्हा सुरू झालं. आतला तो तुकडा काढायला शस्त्रक्रिया हवी होती. संध्याकाळी सहा चाळीसला ती गेली. पाचवी पिशवी माझ्याकडे नव्हती.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी मागवल्यापासून जवळजवळ एकोणतीस तासांनी. नियमाप्रमाणे मृतदेह तपासणीसाठी नुवुकला न्यायचा होता. ते तिला घेऊन गेलं आणि थोड्या वेळाने माझ्या फोनवर निरोप आला की आपण मागितलेलं उड्डाण ४४ मिनिटांत पूर्ण झालं आहे, ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं लवकर, सेवा कशी वाटली ते कळवावं.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग मला कळलं की सीपोराचं मढं वाहून नेणारं ते उड्डाणसुद्धा सौमित्रच्या सरासरीत जाणार. सरासरी सुधारणार.

मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी ऐकलं. फार वाईट झालं."

"मला एवढंच सांग. कालचा दिवस तू कुठे मोजलास?"

"म्हणजे?"

"ती मेली तो दिवस. विमान नुवुकला उभं होतं तो दिवस. तुझ्या शेहेचाळीस मिनिटांत तो कुठे आहे?"

तो हळूच म्हणाला, "जे उडालंच नाही त्याला उड्डाणाचा वेळ नसतो, ताई. व्याख्याच तशी आहे. झालेल्या उड्डाणांची सरासरी."

"म्हणजे वादळाचे दिवस वगळून."

"ते वगळलेले नाहीत. ते त्यात येतच नाहीत."

माझं डोकं फिरलं. "आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के कसा लागायचा, आठवतं? कच्च्या पोरांना हेडमास्तर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचे, बाहेरून बसा म्हणायचे. बाबा त्यावरून त्यांच्याशी भांडले होते. तू तेच केलंस. फक्त तुझी नापास पोरं मरतात."

मग तो म्हणाला, "मी दुसरा आकडाही काढला होता."

"कुठला?"

"मागणी केल्यापासून विमान पोचेपर्यंतचा. थांबणं धरून. हिवाळ्यात तो एकोणीस तास येतो. अहवालाच्या मसुद्यात दोन्ही होते. वरून सांगितलं, एकच आकडा ठेवा, दोन आकड्यांनी लोक गोंधळतात."

"आणि तू काढून टाकलास."

"मी नवीन होतो, ताई. आणि विमान खरंच शेहेचाळीस मिनिटांतच..."

मी फोन ठेवला. नंतर तो रोज करत राहिला, मी उचलला नाही. आई आमगावहून विचारायची, "तुमचं काही बिनसलंय का गं?" तिला काय सांगणार होते मी. तिने त्या वर्षीही लोणच्याच्या दोन बरण्या पाठवल्या. मी दुसरी उघडली नाही.

मे महिन्यात चौकशी समिती यायची ठरली. समितीबरोबर खात्याचा तज्ज्ञ म्हणून सौमित्रचं नाव होतं. मी जोआनासीला सांगितलं की हा माझा तोच भाऊ, आणि पहिल्यांदाच हेही सांगितलं की त्याला खरा आकडा माहीत होता. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणं सोडेल. त्याने पाइप खाली ठेवला. "त्याला बोलता येतं का लोकांसमोर?" एवढंच विचारलं. त्यानंतर दोन आठवडे हवामानाच्या शेवटी तो रेडिओवर एक वाक्य जास्त बोलत असे : ज्यांनी विमानाची वाट पाहिली आहे त्यांनी सभेला यावं.

समिती आली त्या दिवशी आभाळ निळंभोर होतं. विमान चव्वेचाळीस मिनिटांत आलं. उतरता उतरता अध्यक्षबाई घड्याळ बघून सौमित्रकडे पाहत हसल्या, हे मी धावपट्टीवरून पाहिलं. सौमित्र हसला नाही. तो वाळला होता. माझ्याजवळ येऊन "ताई" म्हणाला. मी अध्यक्षबाईंची बॅग उचलली आणि चालू लागले.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. दोनशेच्या वर माणसं खाली जमिनीवर बसली होती. अध्यक्षबाईंनी आधी सांत्वन केलं. मग म्हणाल्या, या घटनेने आपण सगळेच हळहळलो, परंतु सेवेकडे एकूणात पाहायला हवं, तीन वर्षांत या विमानांचा एकही अपघात झालेला नाही.

जोआनासी उभा राहिला. त्याचं बोलणं एका तरुणीने इंग्रजीत सांगितलं. "जे विमान घरी बसतं ते पडेल कसं?"

कोणी हसलं नाही. तो पुढे म्हणाला, "आमच्याकडे दुसरे आकडे आहेत. ऐका."

मग माणसं एकेक करून उठली. भाषण कोणी केलं नाही. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "दाताचं गळू. सहा दिवस." एक शिकारी म्हणाला, "पाय मोडला. एकतीस तास." एक शाळकरी मुलगी म्हणाली, "भावाचा ताप. चाळीस तास. आता त्याला एका कानाने ऐकू येत नाही." बोलून झालं की माणूस खाली बसायचा आणि दुसरा उठायचा. अध्यक्षबाई सुरुवातीला लिहून घेत होत्या, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. बत्तीस माणसं बोलली. शेवटी जोआनासी म्हणाला, "मुलगी. एकोणतीस तास." आणि बसला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्या भावना आम्हाला समजतात. पण आठवणीतले तास म्हणजे शास्त्रीय माहिती नव्हे. खात्याकडे अशी काही नोंद नाही."

त्या क्षणी मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. मी उभी राहिले. इंग्रजीत बोलणार होते, पण तोंडातून मराठीच आली. त्या अख्ख्या सभेत ती दोघांनाच कळत होती.

"सौमित्र, ऊठ," मी म्हटलं. "ही बाई या लोकांना खोटं पाडतेय आणि तू खाली मान घालून बसलायस. तुला फी भरून शिकवलं ते यासाठी? तो माणूस बघ, निळ्या कोटातला. त्याची मुलगी माझ्या हातात गेली. ऊठ आणि सांग. नाही सांगितलंस तर आजपासून मला भाऊ नाही, आणि आईला कारण मी स्वतः कळवेन."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या काय म्हणताहेत?"

सौमित्र उठला. तो इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणताहेत की नोंद आहे. ती आहे. मीच काढली आहे. हिवाळ्यात मागणीपासून पोचेपर्यंत सरासरी एकोणीस तास लागतात. या लोकांनी आत्ता जे सांगितलं ते आमच्या नोंदीशी जुळतं. एकतीस तास मला आठवतात, तो पाय मोडलेला रुग्ण. आकडा तीन वर्षांपासून खात्याकडे आहे. मसुद्यातून तो मी काढला. काढायला सांगितलं होतं आणि मी काढला."

तरुणीने ते इनुइटांच्या भाषेत सांगितलं. मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही. उलट वाटलं, एवढंच तर होतं. दोन मिनिटांचं बोलणं. हे तीन वर्षांपूर्वी एखाद्या खोलीत चार माणसांसमोर बोलला असता तर फ्रिज गेला नसता.

समिती तासाभरात निघाली. धावपट्टीवर कोणी सौमित्रशी बोलत नव्हतं, त्याच्या खात्याची माणसंही नाहीत. तेवढ्यात जोआनासी आला. त्याच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत सीपोराचं बाळ होतं. त्याने ते काढलं आणि काही न विचारता सौमित्रच्या हातात दिलं. सौमित्रने कधी बाळ घेतलं नव्हतं. मान सावरायला मी पुढे झाले आणि थांबले. त्याचं त्याला जमलं.

"सीपोरा," जोआनासी म्हणाला.

सौमित्रने माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. इनुइट लोक गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही. जोआनासी हिला नात म्हणत नाही, लेक म्हणतो. दोघं मोठे भाऊ तिला आई म्हणतात.

सौमित्र बाळाकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला, तोंड दाबून, उभ्या उभ्या. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. जोआनासीने बाळ परत घेतलं आणि म्हणाला, "हवा चांगली आहे. जा आता."

सौमित्रची नोकरी पुढच्या आठवड्यात गेली. ऑक्टोबरमध्ये आमचा रक्ताचा फ्रिज परत आला, दुसरी नर्स आली आणि भिंतीवरच्या पडद्यावर दोन आकडे दिसू लागले. वर्तमानपत्रांनी इकालुविकचं नाव छापलं होतं, म्हणून इकालुविकला मिळालं. बाकीच्या जोडलेल्या वस्त्यांबद्दल खात्याने कळवलं की तिथून तक्रार आलेली नाही. अशा एक्केचाळीस वस्त्या आहेत. तिथे अजून एकच आकडा आहे, हिरव्या अक्षरांत.

मी तेव्हा सौमित्रला स्वतःहून फोन केला, आठ महिन्यांत पहिल्यांदा. "खात्याचे कागद तुझ्याकडे नाहीत आता," मी म्हटलं. "पण गावांना रेडिओ आहेत आणि माणसांना तोंडं आहेत. एकेका गावाला फोन कर आणि विचार."

तो करतोय. दिवसा एका गोदामात काम करतो आणि संध्याकाळी उत्तरेतल्या कुठल्या कुठल्या गावांत फोन लावून, दुभाषे गाठून, कोण किती थांबलं ते लिहून घेतो. झालेल्या गावाची यादी मला पाठवतो. मी ती तपासते, चुका दाखवते. या विषयाशिवाय मी त्याच्याशी बोलत नाही.

परवा त्याने यादी पाठवली आणि मग फोन केला. "ताई, आई विचारत होती, तू माझ्याशी बोलतेस का म्हणून."

"किती गावं झाली?" मी विचारलं.

"तेवीस."

"राहिलेली अठरा कर," मी म्हटलं. "मग बोलू."

तो हो म्हणाला. पुढचं गाव कुठलं घेऊ, असं त्याने विचारलं आणि मी नकाशा उघडला.